लाल ठिपका

फैजपुरात लग्नाची पंगत बसली आणि ललितभाऊ नारखेडे वाढायला उतरले, की शहाणी माणसं आधीच कमरेचा पट्टा एक भोक सैल करून घ्यायची. पानात वरण-बट्टी, शेजारी घोटलेल्या वांग्यांची भाजी आणि समोर परात घेऊन वाकलेला एकशे बेचाळीस किलोंचा हसरा माणूस.

"घ्या हो पाहुणे, एकच."

पाहुणा पानावर आडवा हात धरायचा. मग ललितभाऊ आपलं ठेवणीतलं अस्त्र काढायचे. "बरं, असं करू. तुम्ही एक घ्या, मी दोन घेतो!" आणि खरंच, तिथंच उभ्या उभ्या, तुपात बुडवलेल्या दोन बट्ट्या गट्टम. एवढं झाल्यावर कुणाची छाती आहे नाही म्हणायची? एका हळदीला त्यांनी असे अकरा पाहुणे नमवले होते. म्हणजे बट्ट्या बावीस.

त्या बावीस बट्ट्यांची कीर्ती पप्पांना मिळाली आणि टोपणनाव मिळालं त्यांच्या लेकीला, उर्वीला. पाचवीपासून शाळेत तिला सगळे 'बट्टी' म्हणत. "बट्टी, गृहपाठ दे." "बट्टी, सरक ना." उर्वी हसायची आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसायची. पण दहावीत आल्यावर काय झालं कुणास ठाऊक, एके दिवशी वक्तृत्व स्पर्धेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "नमस्कार, मी फैजपूरची सुप्रसिद्ध बट्टी. बाहेरून कडक, आतून भुसभुशीत!" सभागृह हशानं कोसळलं. पहिलं बक्षीस. त्या दिवसापासून उर्वीच्या पायांना जणू स्प्रिंगा लागल्या. डिसेंबरच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालनही तिलाच मिळालं.

आणि नेमकं त्याच वर्षी ऑक्टोबरात पप्पांचं पोट कापलं गेलं.

तसं करायलाच हवं होतं. साखर साडेतीनशेच्या वर, गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा तो वेगळाच. जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर रुबिना तडवींनी टेबलावर एक केळं ठेवलं. हसऱ्या, पण कामापुरतंच बोलणाऱ्या बाई.

"ललितभाऊ, तुमचं पोट आता एवढं राहणार."

पप्पांची केळी पिकवायची शेड होती. ते केळ्याकडे बघत म्हणाले, "आयुष्यभर हजारो टन पिकवली मॅडम, आता एकच पोटात घेऊन फिरायचं म्हणा की."

"शस्त्रक्रिया सोपी आहे, ती पन्नास वर्षांपासून चालत आलीय. अवघड असतं ते नंतरचं. पोट लहान होतं, सवयी मोठ्याच राहतात. माणूस जुन्या वेगानं खातो, मग उलट्या, धडधड, चक्कर. वर्षभरात भूक परत येते आणि वजनही. म्हणून आता आपण हे बसवतो." त्यांनी काचेच्या बशीतला एक पापुद्रा दाखवला. कांद्याच्या सालीइतका पातळ. "अस्तर. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आहेत आणि त्यांच्यात विणलेले तंतू. आपल्या पोटाला स्वतःच्या कोट्यवधी मज्जापेशी असतात, एक छोटा मेंदूच म्हणा ना. हे अस्तर त्या मेंदूचं बोलणं ऐकतं आणि त्याच्याशी बोलतंही. 'बस' म्हणायचं काम ते करतं."

"आणि कधी बस म्हणायचं हे त्याला कोण सांगतं?" उर्वीनं विचारलं.

डॉक्टरांनी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "छान प्रश्न. कुणीतरी शिकवावं लागतं. साठ दिवस. अस्तर म्हणजे पहिलीतलं मूल. शरीरातले इशारे त्याला ऐकू येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून एक सोबती हवा. पेशंटसमोर बसायचं, प्रत्येक घासाकडे लक्ष द्यायचं. घास नीट गेला, तर हिरवा ठिपका. नाक गळायला लागलं, उचकी आली, घाम फुटला, भरभर खाल्लं, तर लाल. लाल दाबला की अस्तर पोटाला सांगतं, भरलं. आणि त्या वेळी काय काय चालू होतं ते लक्षात ठेवतं. साठाव्या दिवसानंतर पेशी पोटाच्या भिंतीत रुजतात. मग जे शिकलं ते पक्कं. जन्मभराचं."

आई दोन महिने शेड सांभाळणार होती, ती फक्त दुपारच्या जेवणापुरती घरी येणार. म्हणून सकाळ-संध्याकाळची सोबती ठरली उर्वी. तिच्या मनगटावर पांढरं कडं चढलं, दुपारसाठी तसंच एक आईकडे. एक हिरवा ठिपका, एक लाल.

"बापाच्या पोटाचा रिमोट पोरीच्या हातात!" पप्पा म्हणाले आणि टाके दुखतील एवढे हसले.

सुरुवातीचे दिवस उर्वीनं जीव ओतून काम केलं. आधी नुसतं पातळ, मग दाटसर, तिसऱ्या आठवड्यात मऊ भात. घास सुपारीएवढा, तीस वेळा चावायचा. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास पाणी नाही. आधी प्रथिनं, म्हणजे मुगाचं धिरडं, अंडं, पनीर, मग बाकीचं. गोड तर शत्रूच. एकदा पप्पांनी चोरून अर्धा पेढा खाल्ला. वीस मिनिटांत घामानं डबडबले, छाती धडधडायला लागली आणि ते जमिनीवर आडवे झाले. उर्वीनं लाल दाबला, पाय उशीवर घेतले आणि त्यांना असं झापलं की आईनं दारातून हात जोडले.

आतेभावाच्या साखरपुड्यात तर कमालच झाली. सगळं गाव ललितभाऊंवर टपलेलं. "आज आमची पाळी! तुम्ही एक घ्या, आम्ही दोन घेतो!" ज्यानं जन्मभर कुणाचं 'नाही' ऐकून घेतलं नाही, त्याला स्वतःला ते म्हणता येणार कुठून? पप्पांनी बट्टीचा तुकडा उचलला, दुसरा उचलला, नाक गळायला लागलं, तरी तिसऱ्याकडे हात. उर्वीनं लाल दाबला. पप्पांचा हात हवेतच थांबला.

"भरलं हो," ते नवल वाटून म्हणाले. "खरंच भरलं!"

पंगतीत हशा पिकला. आत्या म्हणाली, "पोर आहे का पोलीस?" आणि त्या रात्री उर्वी कडं न काढताच झोपली, मेडल घालून झोपावं तशी.

मग स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू झाल्या.

तीस वेळा चावलेला घास म्हणजे जवळजवळ एक मिनिट. मध्ये थांबायचं, पुढचा घास. एक जेवण पाऊण तासाचं. आणि सोबतीनं तेवढा वेळ समोर बसायचं, फोन नाही, पुस्तक नाही, नुसतं बघायचं. एखाद्याचं चावणं एवढा वेळ बघून पाहा. जबडा खाली, जबडा वर, जबडा खाली. बैल बरा, रवंथ करताना निदान शेपटी तरी हलवतो.

त्या संध्याकाळी तालीम सहाला होती. पावणेसहा वाजले होते आणि पप्पा अकराव्या घासावर होते. अजून निम्मी वाटी बाकी. ते मजेत सांगत होते, शेडमध्ये एकदा साप निघाला त्याची गोष्ट, उर्वीनं दहा वेळा ऐकलेली. बाहेर मैत्रीण सायकलची घंटी वाजवत होती.

उर्वीच्या अंगठ्यानं लाल ठिपका दाबला. तिनं दाबला असं म्हणायला हवं, पण त्या वेळी तिला तो अंगठ्यानंच दाबल्यासारखा वाटला.

पप्पांनी पोटावर हात ठेवला. "झालं वाटतं आज लवकर. भरलं बाई."

"बरं झालं," उर्वी म्हणाली आणि पळाली. रस्त्याच्या वळणावर पोटात काहीतरी टोचलं. पण तालमीत तिचं निवेदन इतकं रंगलं की ते टोचणं कुठल्या कुठे गेलं.

दुसऱ्यांदा ते जरा कमी टोचलं. पाचव्यांदा टोचलंच नाही. मग ती सवयच झाली. सहाव्या-सातव्या घासाला लाल, पप्पा म्हणणार "झालं बाई", आणि उर्वी मोकळी. कधी तालीम, कधी चाचणी परीक्षा, कधी नुसता कंटाळा. शाळेच्या पालकभोजनाला मुलांसमोर पप्पा तोंडात घास घोळवत, ढेकर देत बसले होते, तेव्हा तर तिनं लागोपाठ तीनदा दाबला. ते उठून नळाच्या कोपऱ्यात गेले. त्यांनी तिथं काय केलं ते तिनं पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवून पाहिलं नाही.

वजन सपाट्यानं उतरत होतं. एकशे अठरा, एकशे बारा, एकशे सहा. सगळे खूश. दवाखान्यानं तर तिला आदर्श सोबती म्हणून प्रमाणपत्र पाठवलं. नव्या पेशंटच्या घरच्यांसमोर तिनं दोन शब्द बोलावे अशी विनंतीही होती. आईनं ते प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारी लावलं. उर्वीला रोज सकाळी हात जोडताना ते दिसायचं आणि ती डोळे जरा लवकरच मिटायची.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी शाळा अर्ध्यात सुटली. उर्वी मागच्या अंगणातून घरात शिरत होती, तर स्वयंपाकघरातून पप्पांचं हसणं ऐकू आलं. असं हसणं तिनं बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. ती खिडकीशी थांबली. पप्पा आणि आई जेवत होते. पप्पांच्या हातात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ताटलीत भरीत. सुपारीएवढा घास, सावकाश चावणं, मान डोलावणं. उर्वीच्या तोंडून आपोआप मोजदाद सुरू झाली. नऊ, दहा, अकरा. चौदा घास! संध्याकाळी सहा घासांत भरणारं पोट!

"पप्पाऽऽ! मस्तच की!" ती दारातून ओरडली.

पप्पांनी वळून पाहिलं. चेहरा आधी फुलला, आणि फुलता फुलताच पांढरा पडला. उचकी आली, दुसरी आली. ते तोंडावर हात धरून मोरीकडे धावले.

उर्वीनं कड्याला हात लावला नव्हता. दप्तरात होतं ते.

मोरीतला आवाज थांबेपर्यंत आई भाकरीचा पदर सोलत बसली. मग खाली बघत म्हणाली, "सांगू नको म्हणाले होते ते. पंधरा दिवस झाले. तू समोर असलीस की त्यांना घास जात नाही गं. तुझा आवाज आला तरी मळमळतं."

"पण रोज जेवतात की माझ्यासमोर!"

आईनं कपड्यांच्या टोपलीतून पप्पांचे रुमाल काढले. चार-पाच. प्रत्येकात चावून चावून लगदा केलेला, न गिळलेला घास वाळून बसलेला.

"तुझ्यासमोर चावतात, रुमालात काढतात. म्हणे, पोरगी एवढी मनापासून करतेय, तिचं नाव खराब व्हायला नको. माझं पोटच नालायक."

उर्वीनं ते रुमाल टोपलीत परत ठेवले. आत्ता सांगावं, या मिनिटाला. तेवढ्यात पप्पा तोंड पुसत आले, "काही नाही, भरीत जरा तिखट झालं होतं," म्हणाले आणि तिच्या डोक्यावर टपली मारून शेडवर गेले.

त्या दिवसापासून तिनं लाल ठिपक्याला स्पर्श केला नाही. पूर्ण पाऊण तास बसायची, प्रत्येक घासाला हिरवा द्यायची, देवाला नवस बोलायची. काहीही फरक पडला नाही. उलट बिघडलंच. पप्पा तिसऱ्या घासालाच हिरवेपिवळे व्हायचे, तरी म्हणायचे, "छान गेला हं, दे हिरवा." त्यांचे केस गळायला लागले होते. शेडचा जिना चढताना ते भिंत धरत होते. दुपारच्या एका जेवणावर एवढा माणूस किती दिवस चालणार?

छप्पन्नाव्या दिवशी तपासणी होती. डॉक्टर तडवींनी रक्ताचा अहवाल वाचला. पप्पांना त्यांनी सलाईनसाठी आतल्या खोलीत पाठवलं, आणि आईला त्यांच्यासोबत. मग पडदा उर्वीकडे वळवला.

"प्रथिनं धोक्याच्या खाली आहेत. हे असंच राहिलं तर अस्तर काढावं लागेल, आणि या अवस्थेत पुन्हा पोट उघडणं मला नको वाटतंय. हे बघ."

पडद्यावर साठ चौकटी होत्या, एकेक दिवसाची एक. दुपारच्या जागी हिरवं रान. सकाळ-संध्याकाळच्या जागी गोवर उठल्यासारखे लाल ठिपके.

"अठ्ठ्याण्णव. अस्तराला कारण कळत नाही, उर्वी. त्याला फक्त सोबत कळते. काय कशाबरोबर येतं, एवढंच. पेढ्याबरोबर लाल आला, ते शिकलं की पेढा वाईट. बरोबर शिकलं. पण इथं भात असो, अंडं असो, पाच घास असोत की दहा, लाल येतोय. अन्न बदलतंय, वेळ बदलतेय, एकच गोष्ट बदलत नाही." त्यांनी उर्वीकडे पाहिलं. "तू. आधी तुझं कडं ओळखलं त्यानं, मग शरीरानंच तुझी चाहूल ओळखली. आवाज, पावलं. आता कडं काढून उपयोग नाही. चार दिवसांनी हे रुजेल. मग तुझे वडील तुझ्यासमोर कधीच जेवू शकणार नाहीत."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा टकटक करत होता. जबडा खाली, जबडा वर.

"यातले काही लाल चुकून दाबले गेले असतील, तर ते पुसून अस्तराला पुन्हा शिकवता येतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण कुठले खरे आणि कुठले खोटे, हे कुठल्याही यंत्राला सांगता येणार नाही. ते एकाच माणसाला माहीत असतं."

चुकून. बाईंनी दार किलकिलं करून दिलं होतं. त्यातून अलगद निसटता आलं असतं. हो मॅडम, कडं जरा खराब होतं बहुतेक.

"चुकून नाही," उर्वी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मला घाई असायची. कंटाळा यायचा. मी मुद्दाम दाबले."

डॉक्टर रागावल्या नाहीत, आणि ते फार वाईट होतं. "बस मग. एकेक करून सांग. आणि हे त्यांच्यासमोर करायचं. त्यांचं पोट आहे, त्यांना कळायला हवं."

पप्पांच्या हाताला सलाईन लागलेली होती. उर्वी त्यांच्या खाटेशेजारी पडदा घेऊन बसली आणि तिनं एका दमात सगळं सांगितलं, तालीम, सायकलची घंटी, पालकभोजन. आई तोंडाला पदर लावून भिंतीला टेकली. पप्पा छताकडे बघत होते.

मग एकेक ठिपका.

"पाच नोव्हेंबर, सकाळ. उचकी आली होती. खरा." "सहा नोव्हेंबर, संध्याकाळ, अकरावा घास." उर्वीनं ठिपक्यावर बोट ठेवलं. "खोटा. तुम्ही सापाची गोष्ट सांगत होता." "सात नोव्हेंबर. खोटा." "आठ. तुम्ही पाणी प्यायलात मध्येच. खरा." "नऊ. खोटा. दहा. खोटा."

तिला वाटलं होतं आठवणार नाही. सगळं आठवत होतं. कुठल्या ताटात काय होतं, पप्पा काय सांगत होते, ती काय विचार करत होती. मध्येच पप्पा म्हणाले, "हा नाही. या दिवशी मला खरंच गरगरत होतं." उर्वीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला सूट देत होते ते, पंगतीत कुणाच्या पानात गुपचूप तूप सोडावं तशी.

"नाही पप्पा. खोटा."

दोन तास लागले. सत्तेचाळीस खोटे निघाले.

"मला वाटायचं," पप्पा अखेर छतालाच म्हणाले, "माझं पोट तुझ्यावर का रुसलंय? एवढ्या गावाला खाऊ घातलं, आपल्याच लेकीसमोर घास जाईना. रात्र रात्र विचार करायचो, कुठलं पाप झालं माझ्याकडून."

उर्वीला वाटलं, त्यांनी एक ठेवून द्यावी कानाखाली. त्यांनी फक्त कूस बदलली. भिंतीकडे.

डॉक्टरांनी नवी नोंद अस्तराला दिली. पण नोंद बदलून भागत नव्हतं, शरीराची भीती जायला हवी होती. सत्तावन्नावा दिवस सलाईनवरच जाणार होता; त्यानंतरचे तीन दिवस, दिवसाला पाच वेळा, उर्वीनं समोर बसायचं. कडं नाही, ठिपका नाही. मोकळे हात टेबलावर, दिसतील असे. पप्पांना मळमळलं तरी उठायचं नाही, पाऊण तास पूर्ण. काहीही वाईट न होता ती समोर असते, हे पोटाला पुन्हा पुन्हा कळायला हवं.

"जमेल याची खात्री?" आईनं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या.

स्नेहसंमेलन एकोणसाठाव्या दिवशी, संध्याकाळी साडेसहाला होतं. उर्वीनं निवेदनाचे कागद स्वतः नेऊन मैत्रिणीला दिले. "तू वेडी आहेस का? दोन महिने घासलंयस!" ती किंचाळली. "का पण?" उर्वीनं कारण सांगितलं. सगळं, खरं खरं. मैत्रीण कागद खाली ठेवत म्हणाली, "बट्टी, हे फार वाईट केलंस गं." कुणीतरी हे म्हणायला हवंच होतं.

पहिल्या दिवशी पप्पांच्या पोटात एकही घास टिकला नाही. पाच जेवणं, पाच वेळा मोरी. उर्वी हात टेबलावर ठेवून बसली होती. बोटं आपोआप मनगट चाचपायला जायची, ती त्यांना परत आणायची. पप्पा तिच्याशी बोलत नव्हते. दुसऱ्या दिवशी, एकोणसाठाव्या, दुपारी पातळ वरणाचे दोन चमचे राहिले. संध्याकाळी शाळेच्या मैदानावरून लाऊडस्पीकर ऐकू येत होता. मैत्रिणीनं उर्वीचाच विनोद सांगितला, हशा झाला. पप्पांनी चमचा खाली ठेवला.

"हा तुझा होता ना?"

"हो."

"तू बरा सांगते हिच्यापेक्षा." त्यांनी पुढचा चमचा उचलला. चार दिवसांत ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. चमचा राहिला पोटात. त्याच्या पुढचा नाही राहिला.

साठाव्या दिवशी संध्याकाळी आईनं मुद्दाम वरण-बट्टी केली. शेवटची पंगत असल्यासारखी तिघं बसली. पप्पांनी बट्टीचा चुरा वरणात मऊ केला, सुपारीएवढा घास घेतला. उर्वी मनात मोजत होती, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. गिळला. तिघंही थांबले. काही झालं नाही.

दुसरा. तिसरा. पप्पा हळूच म्हणाले, "शेडमध्ये एकदा साप निघाला होता, सांगितलंय का मी तुला?"

"नाही," उर्वी म्हणाली. आईनं हसू दाबलं.

गोष्ट पूर्ण झाली. साप पोत्यात गेला, पोतं नाल्यापलीकडे. आठवा घास, नववा, दहावा. उर्वीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. ती स्वतःला विसरून ओरडली, "पप्पा, एक घास अजून! एकच! माझ्यासाठी!"

पप्पांनी पानावर आडवा हात धरला.

"नको."

ललितभाऊ नारखेड्यांच्या तोंडून हा शब्द पंगतीत कुणी कधी ऐकला नव्हता. हे पोटानं म्हटलं की त्यांनी? अजून भीती उरली होती, की खरंच भरलं होतं? उर्वीच्या मनगटावर आता काहीच नव्हतं ज्यावरून कळेल. पप्पा सांगतील तेच खरं धरायचं, एवढंच उरलं होतं. तिच्या ठिपक्याबाबत त्यांनीही दोन महिने तेच केलं होतं.

पप्पांनी तिच्या रिकाम्या ताटलीकडे पाहिलं. तीन दिवस ती त्यांच्यासमोर नुसतीच बसत होती, हे बहुतेक त्यांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी परात ओढली.

"तू का जेवत नाही? घे. तू दोन घे," ते म्हणाले, आणि क्षणभर थांबून, "उद्या मी अर्धी घेईन."

उर्वीनं पहिला घास तोंडात टाकला. तो लवकर खाली उतरत नव्हता. पप्पा समोर बसून, हाताची घडी घालून, तिचं चावणं बघत राहिले. घाई न करता.